पाठ झालेली कहाणी : ‘तेरवं’ आणि तालमीचा प्रश्न

मराठी नाट्यसमीक्षा पडदा वर गेल्यावर सुरू होते. त्याआधी काय घडले ते आत्मचरित्रांवर सोडून दिलेले असते. त्यामुळे तालमीविषयी आपल्याकडे जे काही लिहिले गेले, ते बहुतेक आठवणींच्या रूपात : कोण वेळेवर यायचे, कोणाची वाक्ये शेवटपर्यंत पाठ व्हायची नाहीत, चहा कोणाच्या घरून यायचा. या आठवणी वाचायला गोड लागतात, पण तालमीत नाटकाचा अर्थ कसा घडतो आणि कसा बदलतो, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. पुष्कळ नाटकांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडतही नाही. काही नाटके मात्र अशी असतात, की त्यांची तालीम बाजूला ठेवून प्रयोगाविषयी बोलायला गेले तर बोलणेच भलतीकडे जाते. ‘तेरवं’ हे असे नाटक आहे.

श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि वर्ध्याचे हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर मागे उरलेल्या बायांचे आहे. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. तो आटोपला की पाहुणे आपापल्या गावी जातात आणि बाईचे पुढचे आयुष्य सुरू होते. रंगमंचावर उभ्या राहिलेल्या स्त्रियांमध्ये आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी होत्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे त्यांपैकी एक. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावरून वादळ उठले, त्यानंतर ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले.

त्या भाषणावर पुष्कळ लिहिले गेले. त्यात वैशालीताईंची ओळख ‘शेतकरी विधवा’ अशी होती. त्या नाटकात काम करतात हे कोणी सांगितलेच तर जाता जाता, एक तपशील म्हणून. हा क्रम उलटा लावून पाहावा असे मला वाटते. नवऱ्याच्या मरणाचा बोल त्यांनी नशिबाला लावला नाही, व्यवस्थेला लावला. अडीअडचणीला दिल्लीची नव्हे तर गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य तर घरोघर पोचले. भाषण काळजातून आले म्हणून वाखाणले गेले. काळीज सगळ्यांनाच असते. भरल्या मंडपात आपले दुःख आपल्या अटींवर मांडता येणे ही कमावण्याची गोष्ट आहे, आणि ती कमावण्याची एक जागा म्हणजे तालीम.

‘तेरवं’ पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक दाद हमखास असते : हा अभिनय नाहीच, हे खरे आहे. दाद मनापासूनची असते यात शंका नाही. तरीही तिच्यात एक अन्याय लपलेला आहे. मुंबई-पुण्याच्या नटीने हेच केले असते तर तिने भूमिका किती ‘जगली’ असे आपण म्हटले असते. कापूस वेचणाऱ्या बाईने केले, तर तिने काही केलेच नाही, ती नुसती ‘होती’, असे म्हणतो. तिच्या कष्टाचा, स्मरणाचा, आवाजावरच्या ताब्याचा हिशेब ‘खरेपणा’ या एका शब्दाखाली मोडीत निघतो. शेतातल्या तिच्या कामाचेही वर्षानुवर्षे हेच झाले आहे. ती राबते, आणि शेतकरी म्हणून सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असते.

‘खरे’ म्हणजे तरी काय, हे नीट पाहायला हवे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या घरची बाई ती गोष्ट एकदा सांगून मोकळी होत नाही. पोलीस येतात, तलाठी येतो, मग तहसीलचे लोक येतात. शासनाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. मदत १ लाख रुपयांची, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत, अशी रचना वर्षानुवर्षे चालत आली. पात्र ठरायला शेती नावावर हवी, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि परतफेडीचा तगादा होता हे दिसायला हवे. म्हणजे बाईला आपल्या नवऱ्याचे मरण एका ठरलेल्या साच्यात बसवून सांगावे लागते. साच्याबाहेरचे काही बोलली तर प्रकरण बिघडते. सरकारी माणसे झाली की पत्रकार, पुढारी, संस्थांचे कार्यकर्ते, अभ्यासक. दरवेळी तीच कहाणी, त्याच क्रमाने. नाटकाच्या तालमीला ती येते तेव्हा तिची कितीतरी वर्षांची तालीम आधीच झालेली असते. तिची कहाणी पाठ झालेली असते, आणि ती पाठ करून घेणारे तालीममास्तर दुसरेच असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. ‘तेरवं’ पाहून आमच्या घाटंजीच्या काही मित्रांनी तालुक्यातल्या अशाच पाच जणींना घेऊन पाऊण तासाचे एक नाटक बसवले. मी त्यात प्रॉम्प्टर होतो आणि तालमीची वही माझ्याकडे होती. नाटक लहान होते, त्याचे प्रयोगही चारच झाले. वहीत मात्र ३७ तालमींच्या नोंदी आहेत आणि या लेखातले पुढचे बरेचसे त्यांच्यावर आधारलेले आहे. बायांची आणि त्यांच्या गावांची नावे मी देत नाही.

तालमी उलंगवाडीनंतर सुरू झाल्या, कारण वेचणी चालू असताना संध्याकाळी बाईच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण नसते. सुरुवातीला शाळेचा एक वर्ग मिळाला होता. दहावीची परीक्षा आली आणि तो गेला. मग एका जिनिंगची रिकामी शेड मिळाली. तिथे हंगाम संपला तरी रुईचे तंतू हवेत असायचे. दोन वाक्ये झाली की कोणाला तरी ठसका लागे. दिग्दर्शक शिक्षक माणूस, सगळ्या त्याला ‘सर’ म्हणत. मला ‘दादा’.

पहिल्या दिवशी सरांनी संहिता मिटून ठेवली आणि एकेकीला ‘त्या दिवसाचे’ सांगायला लावले. पहिली बाई चार मिनिटे न थांबता बोलली. तारीख, सोसायटीच्या कर्जाचा आकडा, औषधाच्या डबीवरचे नाव, गाडी कोणाची मिळाली, दवाखान्यात किती वाजता पोचले. आवाजात चढ नाही, उतार नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितले तेव्हा मी शब्द टिपत गेलो. शब्द जवळपास तेच, क्रम तोच. तो तिच्या तोंडून बाहेर पडणारा पंचनामा होता. तिसरीचे आणखी वेगळे. ती एका ठिकाणी थांबली आणि रडली. दुसऱ्या दिवशी अगदी त्याच वाक्यावर थांबली आणि रडली. सरांनी हलकेच विचारले, इथेच का? ती डोळे पुसत म्हणाली, ‘‘इथंसा आलं का थे फोटो काढतेत, सर.’’

तिचे रडणे खोटे नव्हते. दीदरोने ‘नटाचा विरोधाभास’ या आपल्या संवादात म्हटले होते की थोर नट स्वतः काही भोगत नाही. भोगल्याच्या खुणा तेवढ्या तो नेमक्या उमटवतो, म्हणून रोज तेवढाच परिणाम साधू शकतो. त्याच्यासमोर मी या बाईला उभी केली असती, तर त्याची बरीच अडचण झाली असती. तिचे दुःख खरे होते, खूण नेमकी होती, आणि ती खूण तिने स्वतः निवडलेली नव्हती.

आपल्या रंगभूमीवर तालीम या शब्दाला शिकवणुकीचा वास आहे. गोविंद बल्लाळ देवल हे किर्लोस्कर मंडळीचे नामांकित तालीममास्तर. शाहूनगरवासी मंडळीला ‘त्राटिका’सारख्या नाटकांत प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर शिकवीत. मास्तराने उच्चार द्यायचा, हालचाल द्यायची आणि नटाने ती अंगात मुरवायची. पुढे स्टॅनिस्लाव्हस्कीची पुस्तके आपल्याकडे पोचली आणि नटाला स्वतःच्या भावनांच्या आठवणीत उतरायला सांगणे रूढ झाले. या दोन्ही रीती गृहीत धरतात की नटाजवळ काहीतरी कमी आहे आणि तालमीत ते भरायचे आहे. आमच्यापाशी उलट परिस्थिती होती. आठवण काठोकाठ होती आणि तिला बाहेरून दिलेला घाटही होता. तालमीचे काम तो घाट मोडण्याचे होते. शेजारच्या झाडीपट्टीत मोजक्या तालमी आणि प्रॉम्प्टरचा आधार यांवर रात्र रात्रभराची नाटके उभी राहतात, तेव्हा आमच्या ३७ तालमी ऐकून तिकडचा एक जुना नट हसला होता. त्याला म्हटले, भाऊ, आमच्या बायांचे पाठांतर तुमच्यापेक्षा पक्के आहे, अडचण तीच आहे.

सरांनी मग ‘त्या दिवसा’वर बंदी घातली. आदल्या दिवसाचे विचारायचे, आठ दिवस आधीचे विचारायचे. त्या सकाळी भाजी कोणती होती? पहिली बाई अडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, अंबाडीची. तिखट जास्त पडले म्हणून नवरा कुरकुरला होता आणि तिनेही त्याला चांगले सुनावले होते. सांगता सांगता ती हसली आणि हसल्यावर दचकली. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘दादा, हे मले आजवर कोनी इचारलंच नाई.’’ बरोबरच आहे. अंबाडीची भाजी कुठल्या निकषात बसणार? पण नाटकाचा पहिला प्रवेश त्या भाजीवर उभा राहिला. जेवायला बसलेला नवरा, बायकोचे बोलणे, त्याची कुरकुर. आणि प्रेक्षकाला पुढचे माहीत असल्यामुळे ती कुरकुर ऐकणे कठीण होत जाते.

दुसरा डाव अदलाबदलीचा. एकीने दुसरीची कहाणी स्वतःची म्हणून सांगायची. माझ्या मते अभिनय खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला, कारण आता कोणाचीच कहाणी पाठ नव्हती. जिची कहाणी ती समोर बसून ऐकायची आणि मध्येच तोडायची : ‘‘माहा मानूस असा बसत नोहोता.’’ मग उठून, तो कसा बसे ते करून दाखवायची. पिरांदेल्लोच्या ‘सहा पात्रे लेखकाच्या शोधात’ या १९२१च्या नाटकात नेमके असेच घडते. तालीम चालू असताना पात्रे येऊन उभी राहतात, आपला प्रसंग नटांनी केलेला पाहतात आणि हे आम्ही नव्हे म्हणून तक्रार करतात. पिरांदेल्लोला त्यातून दाखवायचे होते की जगणे आणि वठवणे यांच्यातली दरी बुजत नाही. जिनिंगच्या शेडमध्ये तीच दरी कामाची ठरली. स्वतःचा नवरा दुसरीच्या अंगात चुकीचा बसलेला पाहून बाईला तो पहिल्यांदा बाहेरून दिसला. बाहेरून दिसला तेव्हाच त्याच्याविषयी तिला रागही व्यक्त करता आला, जो पंचनाम्यात कधीच नोंदवता येत नाही. मेलेल्या माणसावर रागावलेली विधवा कोणत्याही समितीला चालत नाही.

भाषेचा प्रश्न वेगळाच निघाला. संहितेत बायांच्या तोंडी ‘मी जाते’, ‘मी करते’ होते. आमच्या वऱ्हाडीत बाईही ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणते. ‘मी जाते’ म्हटले की पाचही जणींची मान ताठ व्हायची आणि आवाज शाळेतल्या पाहुण्यासमोर काढतात तसा निघायचा. नवव्या तालमीत सरांनी सगळी ‘-ते’ काढून टाकली. त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिले आहे, ‘आज हात हलले’. बोलताना हात हलू लागले, एवढीच ती नोंद. शहरातून आलेल्या एका प्रेक्षकाला नंतर वाटले की बायांनी पुरुषी बोलणे मुद्दाम, अन्यायाचे प्रतीक म्हणून घेतले आहे. प्रतीक वगैरे काही नाही, आमच्या आया अशाच बोलतात.

तालमीविषयी बोलताना मराठीत एक नाटक टाळता येत नाही : विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले, बेणारे होत्या सुलभा देशपांडे. मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला येतात आणि रात्रीच्या खेळाआधी गावच्या सामंताला कळावे म्हणून एक लुटुपुटीचा खटला रंगवतात. लुटुपुटीचा तो खटला बघता बघता बेणारेच्या खाजगी आयुष्यात घुसतो. म्हणजे तालीमच तिचा घात करते. तिचे अखेरचे प्रदीर्घ स्वगत तालमींच्या काळात, दिग्दर्शकाच्या आग्रहातून लिहिले गेले, आणि ते चालू असताना मंचावरचे बाकी सगळे थिजलेले असतात. ती बोलते, पण ऐकणारे कोणी नाही. शिक्षा तिला होतेच.

‘तेरवं’ आणि बेणारे यांच्यातले अंतर मला इथे दिसते. पांढरपेशा मंडळींच्या हाती तालीम हे उलटतपासणीचे साधन झाले. विदर्भातल्या बायांची उलटतपासणी तालमीच्या आधीच झालेली होती, आणि तालमीत त्यांना प्रथमच ऐकणारे मिळाले. बेणारेचे स्वगत गोठलेल्या माणसांत घडते. आमच्या पाच जणींचे एकही स्वगत एकटीचे राहिले नाही. एक बोलू लागली की बाकीच्या चौघींपैकी कोणी तरी हुंकार द्यायची, जाते ओढताना देतात तसा. सरांनी तो काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ आले. तेही ज्यांचा नाटकाशी संबंध नव्हता अशा बायांनी तालमी करून गावोगाव नेले. ‘तेरवं’ला त्या नाटकाच्या वाटेवर ठेवून पाहिले तर ते ‘अपवादात्मक वास्तव’ उरत नाही. त्याला मराठी रंगभूमीत एक घराणे सापडते.

याचा अर्थ तालमीने दुःख हलके होते, असा मी काढणार नाही. तसे म्हणण्याची अलीकडे फॅशन आहे. आमच्या पाचपैकी एक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. सासरच्यांना तिचे रात्री घराबाहेर राहणे मान्य नव्हते आणि मुलीची सोयरीक ठरायची होती. तिच्या जागी दुसरी आली. तालमीच्या दिवशी लवकर घरी परतायचे तर मजुरी बुडते. ती भरून देण्यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. एकाचे म्हणणे, पैसे दिले तर कलेचे काय? ज्याने हे म्हटले त्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत होता. मजुरी दिली गेली. हौशी रंगभूमीवर लिहिताना आपण ‘हौस’ हा शब्द फार सहज वापरतो. हौस कोणाला परवडते, हे तालमीच्या वहीत पैशांच्या रकान्यात दिसते.

मोठी जोखीम दिग्दर्शकाच्या हाती असते. रडणारी बाई म्हणजे खात्रीची टाळी, हे त्यालाही ठाऊक असते आणि प्रायोजकालाही. फोटोच्या जागेवर रडणाऱ्या आमच्या बाईचे ते रडणे तसेच ठेवले असते तर चारही प्रयोगांत सभागृह हेलावले असते. ते ठेवायचे की नाही हे सरांनी तिच्यावर सोपवले. चार-पाच तालमींनंतर तिने त्या वाक्यावर कमरेची ओटी सोडायला सुरुवात केली. कापूस वेचताना बाया कमरेला कापड बांधतात, ती ओटी. ती गाठ सोडते, कापड झटकते, घडी घालते आणि पुढचे वाक्य बोलते. एकदा गाठ लवकर सुटली तर घडी सावकाश घातली. एकदा सुटलीच नाही तर दातांनी सोडवली. हा अभिनय नसेल तर अभिनय कशाला म्हणायचे? तिने निवड केली, ती राखली आणि गरजेप्रमाणे बदलली. समीक्षेने शोधायचे असते ते हेच, आणि ‘हे खरे आहे’ म्हणून हळहळणारा प्रेक्षक ते पाहायचे विसरतो.

पेठकर-इथापे यांचाच ‘तेरव’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला. त्यात किरण खोजे यांच्यासारखे व्यावसायिक कलावंत आहेत. काहींना हे खटकले, मूळच्या बाया कुठे गेल्या असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण मला त्यात दुसरेही काही दिसते. ज्या आयुष्याला सगळे ‘नुसते खरे’ म्हणत होते, त्याची भूमिका होऊ शकली. दुसऱ्या नटीने उचलावी, तिच्या परीने वठवावी अशी. त्या शक्यतेचा पाया बायांनीच रंगमंचावर उभे राहून घातला. त्यांना श्रेय द्यायचे तर या बाजूनेही द्यावे लागेल.

आमच्या चार प्रयोगांपैकी तिसरा एका मोठ्या गावात होता. पुढच्या रांगेत बसलेले एक अधिकारी प्रयोग संपल्यावर मंचावर आले. डोळे ओलावलेले होते, माणूस भला होता. त्यांनी अंबाडीच्या भाजीच्या प्रवेशातल्या बाईला विचारले, तुमचे प्रकरण पात्र झाले की नाही, मी पाहतो, नंबर सांगा. ती पदराने कपाळ पुसत होती. म्हणाली, ‘‘साहेब, थे नाटकातलं बोलनं होतं. माहा अर्ज वायला हाये.’’ अर्जाचा नंबर तिने त्यांना दिला, तोही तोंडपाठ, आणि घागर ठेवायला पडद्यामागे गेली.